नायिका पापी असेल तर देवाने तिच्याकडे यावे का?

'सेव्हिंग ग्रेस' ही अमेरिकी मालिका पाहावी का, आणि दारू पिणाऱ्या, बेताल वागणाऱ्या पोलीस बाईकडे देवदूत येतो हे पटण्यासारखे आहे का, असे आपण विचारले आहे. मालिका जरूर पाहावी. दुसऱ्या प्रश्नाचा मात्र मला रागच येतो.

ओक्लाहोमा सिटी पोलिसांतली तपास अधिकारी ग्रेस (हॉली हंटर) नशेत गाडी चालवताना एका माणसाला उडवते, देवाचा धावा करते आणि अर्ल नावाचा देवदूत प्रकटतो, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. लहानपणी धर्मगुरूने तिच्यावर केलेला अत्याचार आणि १९ एप्रिल १९९५ च्या त्याच शहरातल्या बॉम्बस्फोटात गेलेली तिची बहीण यांचा हिशेब कोणी मांडत नाही. तो स्फोट खराच आहे. त्यात १६८ माणसे गेली.

माझ्या आत्याचे सासर किल्लारीजवळचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन आटोपून गाव नुकते झोपले असताना, भूकंपात माळवदाखाली तिचा नवरा आणि मुलगी दोघेही दबले. ती माहेरी आली, तेव्हा सासरच्या देव्हाऱ्यातले टाक ढिगाऱ्यातून जसेच्या तसे निघाले म्हणून लोकांनी ते तिच्या ओटीत घातले होते. तिने ते फडक्यात गुंडाळून धान्याच्या कोठीमागे टाकले, दिवा लावणे सोडले आणि संध्याकाळी ओसरीवर बसून विठोबाला मोठ्याने शिव्या देऊ लागली. माझे चुलते, म्हणजे तिचे सख्खे भाऊ, माळकरी. 'हिच्या हातचे पाणीसुद्धा नको,' असे ते चारचौघांत म्हणाले. गंगाखेडच्या जनाबाईने विठोबाला दिलेल्या शिव्या हेच चुलते कीर्तनात रंगवून सांगत आणि लोक डोळे पुसत. जनाबाईचा राग भक्ती आणि सख्ख्या बहिणीचा राग पाप, हा न्याय मला तेव्हाही कळला नाही आणि आजही कळत नाही. ज्याचे देवाशी बोलणेच तुटले, तो त्याला शिव्या तरी कशाला देईल?

अर्लचे मला पटते ते यासाठीच की, तो ग्रेसला आधी सुधारून ये असे सांगत नाही. तिच्या शिव्या ऐकून घेतो आणि पुन्हा येतो. मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या लिऑन कूली या कैद्याकडेही तो तसाच जातो. आपल्या घरी 'अशा बाईला देव कसा भेटेल' म्हणणारे कोणी असेल, तर त्यांना पहिला भाग आवर्जून दाखवावा.

एक सांगायचे राहिले. शरीरसंबंधांची दृश्ये उघड आहेत, त्यामुळे लहान मुलांसमोर ही मालिका लावू नये. आणि केवळ तपासाची उत्कंठा हवी असेल तर काही भागांतले गुन्हे बेताचेच आहेत. चुलत्यांना मी ही कथा सविस्तर सांगितली, तेव्हा त्यांची हरकत यांपैकी कशालाच नव्हती. देवदूत तंबाखू खातो, हे त्यांना अजिबात पटले नाही, आणि तसे ते तळहातावर चुना मळत म्हणाले.