जुने झेक आणि स्लोव्हाक चित्रपट कुठून पाहायला सुरुवात करावी?

तुम्ही विचारलंय की ‘डेझीज’ लावला, दोन मुली नुसत्या खातात, हुंदडतात, कात्रीनं कापाकापी करतात. कंटाळून बंद केला, मग या चित्रपटांचं एवढं कौतुक का? तुमचा क्रम चुकला, एवढंच. व्येरा खितिलोवाचा तो चित्रपट (१९६६) मलाही आवडतो, पण पहिल्यांदा पाहायला कुणालाही सुचवणार नाही.

आधी मिलोश फोरमनचा ‘द फायरमेन्स बॉल’ (१९६७) पाहा. सव्वा तासाच्या आत संपतो. एका गावात अग्निशमन दलाच्या वार्षिक नाचाची रात्र. म्हाताऱ्या माजी प्रमुखाचा सत्कार ठरलाय. तो आजारी आहे हे समितीला ठाऊक आहे, त्याला मात्र कुणी सांगितलेलं नाही. सोडतीची बक्षिसं टेबलावर मांडलीत आणि ती एकेक करून गायब होतायत. शेवटी समिती जाहीर करते, दिवे घालवतो, ज्यानं जे उचललं असेल ते गुपचूप परत ठेवा. दिवे लागतात. उरलंसुरलंही गेलेलं असतं, आणि बायकोनं लांबवलेला मांसाचा तुकडा परत ठेवायला आलेला एकटा प्रामाणिक माणूस सगळ्यांसमोर पकडला जातो. मग समिती चिडते ती त्याच्यावर. परत कशाला ठेवलास, दलाची अब्रू गेली ना!

आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या समितीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच रात्री एका म्हाताऱ्याचं घर जळतं. त्याला थंडी वाजतेय म्हणून त्याची खुर्ची आगीच्या आणखी जवळ सरकवतात. आपण हसतो, आणि हसल्याची लाज वाटते. या चित्रपटांची गंमत मला इथेच सापडली. मोठा खलनायक शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. सत्ता इथे दिसते ती साध्या माणसांच्या सोयीतून, भित्रेपणातून, ‘मी एकट्यानं काय करणार’ या सबबीतून. फोरमननं पडद्यावर व्रखलाबी गावातले खरे अग्निशमनवाले घेतले होते, त्यामुळे ते अवघडलेले चेहरे अभिनयाचे वाटत नाहीत. चित्रपट पाहून इटालियन निर्माता कार्लो पोंतीनं पैसे काढून घेतले, तेव्हा त्रुफो आणि क्लोद बेरी या फ्रेंच दिग्दर्शकांनी परदेशातले हक्क घेऊन फोरमनला वाचवलं.

दुसरा ‘द शॉप ऑन मेन स्ट्रीट’ (१९६५), यान कादार आणि एल्मार क्लोस यांचा. हा स्लोव्हाक भाषेत आहे. १९४२ साल, नाझींच्या ओंजळीनं पाणी पिणारं स्लोव्हाक सरकार. तोनो नावाच्या सुताराला त्याचा वजनदार साडू एका ज्यू विधवेचं बटणांचं दुकान ‘ताब्यात’ देतो. दुकान बुडीत. म्हातारीला ऐकू येत नाही, बाहेर काय चाललंय याचा पत्ता नाही. तिला वाटतं हा हाताखाली कामाला आलाय. गावातले ज्यू लोकच मग तोनोला गुपचूप पगार द्यायचं कबूल करतात, म्हणजे म्हातारीचा गैरसमज तसाच राहील. पहिला दीड तास हे जवळजवळ विनोदी नाटक आहे. शेवटचा अर्धा तास मात्र फोन बंद ठेवून पाहा. तोनो झालेला योझेफ क्रोनर घाबरतो, पितो, ओरडतो, आणि वाईट नसलेला माणूस भीतीपोटी कुठवर जातो ते दिसतं. परकीय भाषेतल्या चित्रपटाचं ऑस्कर याला मिळालं. दोनच वर्षांनी ते यिरी मेंझेलच्या ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ला मिळालं. तो तिसरा ठेवा, हलका आहे. (मेंझेलच्या शोधात शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी सात तासांहून लांब माहितीपट केलाय. वेड असावं तर असं!)

झेक आणि स्लोव्हाक तेव्हा एकाच देशात, झेकोस्लोव्हाकियात होते. तिथल्या साम्यवादी राजवटीत असले चित्रपट निघालेच कसे? स्टुडिओ सरकारचे, त्यामुळे गल्ल्याची चिंता कमी. प्रागच्या फामू या चित्रपटशाळेतून तयार झालेली पिढी. आणि साठच्या दशकात सैल पडलेला लगाम. ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले आणि पुढच्या काही महिन्यांत तो पुन्हा आवळला गेला.

एक तक्रार मात्र माझी. सगळं श्रेय प्रागला देऊन लोक मोकळे होतात. श्तेफान उहरचा ‘द सन इन अ नेट’ (१९६२) स्लोव्हाकांच्या ब्रातिस्लावा शहरातला आहे. गच्चीवरचे टीव्हीचे अँटेना, सूर्यग्रहण, अंध आई. साठच्या दशकातल्या या नव्या चित्रपटांच्या लाटेची चाहूल आधी तिथे लागली होती. कथानक विरळ आहे, त्यामुळे तोही घाईत पाहू नका.

हे पचले तर कारेल काखिन्याचा ‘द इअर’ (म्हणजे ‘कान’) घ्या. उपमंत्री आणि त्याची बायको रात्री पार्टीहून घरी येतात, वीज गेलेली, आणि घरात कुणी छुपे माईक बसवलेत का या संशयात दोघं पहाटेपर्यंत भांडतात. आधी संसाराची उणीदुणी निघतात, मग राजकारण, मग दोन्ही एकच होतं. १९७०ला पूर्ण झालेला हा चित्रपट लोकांना पाहायला मिळाला तो राजवट कोसळल्यावर. डब केलेली प्रत मिळाली तर सोडून द्या, सबटायटलवालीच शोधा. त्या बाईचा दारू प्यायलेला, चिरका आवाज डबिंगमध्ये जातो. ‘डेझीज’ यानंतर पुन्हा लावा.