पंपाच्या खोलीचं कुलूप

प्रश्न: आदरणीय टीचर, माझं वय 58. वसईत आमची वडिलोपार्जित वाडी आहे, केळी आणि थोडा भाजीपाला. वडील वारल्यावर मी आणि धाकट्या भावाने वाटणी केली. बहिणीने हक्क सोडला. विहीर माझ्या हिश्शात आली, पाणी दोघांनी घ्यायचं असं तोंडी ठरलं. तीन वर्षांपूर्वी वीजबिलावरून बोलाचाली झाली आणि चारचौघांत तो मला लबाड म्हणाला. पुढे वाद वाढत गेला. मागच्या मे महिन्यात मी पंपाच्या खोलीला कुलूप लावलं. तेव्हापासून बोलणं बंद. तो नऊच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, येतो, म्हणून मी सातच्या मिस्साला जातो. चर्चच्या प्रत्येक कामात मी असतो. उपवासकाळात मटण आणि दारू सोडतो, रोज रात्री घरात रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होते. यंदा पापनिवेदनाला जायचं ठरवलंय, पण पाय उचलत नाही. चूक त्याची असताना मीच का नमायचं? आणि मन असं असताना ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, स्वीकारावं का?
– एक वाचक, वसई

उत्तर: आधी जाऊन ते कुलूप काढा. माझं बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

मी वाडीतच वाढले. मे महिन्यात केळीला आठ दिवस पाणी नाही मिळालं तर काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पानं करपतात, घड पोसत नाही, वर्षाची मेहनत जाते. रागाच्या भरात माणूस चार शब्द बोलून जातो. तुमचा भाऊही तसाच बोलला असेल. पण कुलूप रोज सकाळी नव्याने लावलेलं असतं. तुम्ही रोज त्याच्यासमोरून जाता आणि ते तसंच राहू देता.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी तीस वर्षं मुलांना बायबलमधल्या मत्तयच्या पाचव्या अध्यायातला तो भाग शिकवला. वेदीपाशी दान घेऊन आलेला माणूस, त्याला भाऊ आठवतो, मग दान तिथंच ठेवून तो आधी समेट करायला जातो. कितीतरी वर्षं मी त्याचा अर्थ सांगताना चुकत होते. मी मुलांना म्हणायचे, कोणी तुमचं वाईट केलं असेल तर त्याला माफ करून मग चर्चमध्ये या. एका वर्षी एका मुलीने तेच वाक्य मोठ्याने वाचलं आणि मी थांबले. तिथं येशू, भावाने तुझं काय बिघडवलंय ते आठव, असं म्हणतच नाही. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर जा, असं म्हणतो. हिशेब पलीकडच्या बाजूने मांडायचा आहे. तुमच्या पत्रात भावाने तुमचं काय केलं ते आहे. त्याने मला पत्र लिहिलं असतं तर त्यात काय असतं, ते एकदा कागदावर लिहून पाहा.

वीजबिलाचा निवाडा मी करणार नाही. वारशाची वाटणी करायला माझ्या भावाला सांगा, अशी विनवणी एकाने गर्दीतून केली तेव्हा येशूनेही ते काम अंगावर घेतलं नव्हतं. बायबलमध्ये लूकने ते लिहून ठेवलंय. पण बिलाचा प्रश्न सोपा आहे. भावाच्या मोटारीला सबमीटर बसवून घ्या, तुमच्या ओळखीचा वायरमन ते करून देईल. युनिट मोजायचे आणि पैसे द्यायचे, मग कोणी कोणाला लबाड म्हणायला जागा उरत नाही. आणि पाण्याचं जे तोंडी ठरलं ते लिहून काढून सातबाऱ्यावर इतर हक्कांत लावून घ्या. उद्या तुमच्या मुलांनी यावरून पुन्हा भांडू नये.

उपवासाचं तुम्ही लिहिलंत. उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्सामध्ये यशयाचा 58 वा अध्याय वाचतात. देवाला कोणता उपवास आवडतो ते त्यात सांगितलंय: भुकेल्याला आपल्या ताटातलं द्यावं, उघड्याला पांघरूण घालावं आणि आपल्या रक्तामांसाच्या माणसाला तोंड चुकवू नये. सातच्या मिस्साला जाण्याला तुम्ही काय म्हणाल? मटण आणि दारू सोडताय ते चांगलंच आहे, ते चालू ठेवा. पण तुमचा खरा उपवास तो नव्हे.

आता तुम्ही विचारलं नाही त्याबद्दल. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात बहीण तीन शब्दांत आटोपली: 'बहिणीने हक्क सोडला.' ती हयात आहे का, कुठे दिली, वाटणीच्या वेळी ती काय म्हणाली, काहीच नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. आई हयात असेल तर एक तृतीयांश तिचा, उरलेलं मुलांमुलींना समान. हा हक्क होता म्हणूनच तिची सही लागली.

मीही अशी सही केलेली आहे. भावाने रिक्षा करून मला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं. अंगठ्याचा ठसा घेतला, शाई पुसायला वहिनीने स्वतःचा रुमाल दिला. सगळे माझ्याशी प्रेमाने वागत होते. घरी जेवण होतं, मला साडी होती. नखाच्या कडेची निळी शाई दोन दिवस गेली नाही, आणि त्या दोन दिवसांत किंवा त्यानंतर 'तुला काय वाटतं?' असं कोणीही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सही केलीच असती.

बारा वर्षांनी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, भाऊ सुकेळीचा पुडा घेऊन आला आणि ओटीवर बसला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. मग खाली बघत म्हणाला, "तेव्हा तुला विचारायला हवं होतं." मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि गॅसपाशी उभी राहून रडले. जमीन मी नंतरही मागितली नाही. पण तुमची बहीण मागेल. सही झाली असली तरी तिचं मागणं खोटं ठरणार नाही. त्याची तयारी ठेवूनच तिच्याकडे जा. फोनवर नको, घरी जा.

ख्रिस्तशरीर स्वीकारावं की नाही, हे पापनिवेदनात फादरना विचारा. ते सांगण्याचा अधिकार त्यांचा. तिथं भावाने काय केलं ते सांगत बसू नका. कुलपाचं सांगा. मला लिहिलंत त्याअर्थी पाय उचलायला लागलाच आहे, असं मी समजते.

आणि येत्या रविवारी नऊच्या मिस्साला जा. शांतीच्या चिन्हाच्या वेळी तुम्ही हात जोडाल तेव्हा तो कदाचित मान फिरवेल. तीन वर्षांचा राग आहे, तो एका नमस्काराने जात नाही. तरी त्याच्या पुढच्या रविवारीही नऊलाच जा. पंपाच्या खोलीची दुसरी किल्ली आजच बनवून घ्या. त्याच्या हातात द्यायला संकोच वाटत असेल तर पुतण्याकडे द्या, आणि मोटर किती वाजता लावायची ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.