मधल्या दिवसांतले डाग आणि गाठीची औषधे

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. माला-एन ही गर्भनिरोधक गोळी दहा महिने व्यवस्थित चालली, एकही गोळी चुकलेली नाही, तरी दोन महिन्यांपासून पांढऱ्या गोळ्या सुरू असतानाच रक्ताचे डाग दिसतात, असे सविस्तर लिहून तुम्ही जाता जाता म्हटले आहे की मानेतल्या गाठीसाठी औषधे चालू आहेत, पण त्यांचा संबंध नसावा. मी डॉक्टर नाही आणि तुमचे कागदही पाहिलेले नाहीत. तरीही संबंध तिथेच असावा, असे मला वाटते.

गोळ्या नव्याने सुरू केल्यावर पहिले तीन महिने डाग पडणे नेहमीचे आहे. तुमचे तसे नाही. पाकिटातील २१ पांढऱ्या गोळ्यांमुळे गर्भाशयाचे अस्तर पातळ आणि स्थिर राहते, आणि ७ तपकिरी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की संप्रेरके थांबल्यामुळे ते सुटून बाहेर येते. म्हणूनच गोळ्यांवरची पाळी ठरल्या दिवशी येते आणि अंगावरून कमी जाते. बसलेली घडी दहा महिन्यांनी मोडते, तेव्हा गोळी पोटात गेली तरी तिचा अंश रक्तात पुरेसा उरत नसेल, ही शंका आधी घ्यावी.

माझे अगदी असेच झाले होते. मला गाठीचा क्षयरोग होता आणि सासरी कोणाला कळू नये म्हणून मी ती गोष्ट कुटुंब नियोजनाच्या दवाखान्यातही लपवली. ही चूक माझी, आणि ती मला सर्वांत महाग पडली. पण त्या दवाखान्यानेही तीन खेपांत एकदाही विचारले नाही की बाई, दुसरी कोणती औषधे घेता. प्रत्येक वेळी नवा केसपेपर, तेच ‘ताण घेऊ नका’, आणि दुसऱ्या कंपनीच्या गोळ्यांचे पाकीट. चार महिने थोडे थोडे रक्त जात राहिले आणि हिमोग्लोबिन ८ वर आले. शेवटी क्षयरोगाच्या औषधांचे वाटप करणाऱ्या ताईंनी माझ्या पिशवीत गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट पाहिले आणि त्या जागच्या जागी थांबल्या. क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिन यकृताचे काम इतके वाढवते की गोळीतील संप्रेरके वेळेआधीच नष्ट होतात, हे मला त्या दिवशी कळले. मला दिवस राहिले नाहीत, हे केवळ नशीब. ज्या प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो, तो न विचारल्याचा राग मला आजही येतो.

म्हणून तुमच्या औषधांच्या पाकिटावर रिफाम्पिसिन हे नाव आहे का, ते आजच पाहा. लघवी केशरी होत असेल तर ती याच औषधाची खूण असू शकते. नाव सापडले तर क्षयाचे औषध एक दिवसही बंद करू नका. बदलायचे आहे ते गर्भनिरोधक. आजपासून निरोध वापरा, लघवीची तपासणी करून दिवस राहिले नसल्याची खात्री करा आणि तांबी किंवा तीन महिन्यांनी घेण्याचे अंतरा इंजेक्शन यांबद्दल डॉक्टरांना विचारा. रिफाम्पिसिनमुळे या दोन्हींचा परिणाम कमी होत नाही. मात्र अंतराने सुरुवातीला पाळी अनियमित होते आणि पुढे ती बंदही पडू शकते, तर तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. तुमचे हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधी सांगा. उपचार संपला तरी रिफाम्पिसिनचा परिणाम साधारण चार आठवडे टिकतो, तेव्हा क्षयाच्या शेवटच्या गोळीच्या दुसऱ्याच दिवशी माला-एनवर विसंबू नका.

साध्या तापाच्या किंवा घशाच्या प्रतिजैविकांनी गोळीचा परिणाम जातो, असे अनेकजणी सांगतात, ते मला पटत नाही. पण फिटच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या औषधांबाबत ते खरे आहे. आणि दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटे एका पिशवीत घालून न्या. टेबलावर ठेवली की न विचारताही दिसतात.