तारीख पुढे ढकलण्याआधी

पुणे, रविवार

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. ए प्लसच्या (कॉम्पटियाची आयटी सपोर्टची सर्टिफिकेट परीक्षा) कोअर वन पेपरची तारीख परत पुढे ढकललीस, आणि कारण दिलंस ‘अजून तयारी नाही’. त्याच मेसेजमध्ये खाली लिहिलंयस की टायमर न लावता मॉक दिली तर ऐंशीच्या पुढे जातेस आणि टायमर लावला की पंचावन्नवर येतेस. म्हणजे घोडं अभ्यासापाशी अडलेलं नाही. मग आणखी एक कोर्स विकत घेऊन काय होणार? प्रोफेसर मेसरचे ए प्लसवरचे फुकटातले व्हिडिओ उत्तम आहेत, पण तेच तिसऱ्यांदा बघून टायमरची भीती जाणार नाही.

तुला मी हेल्पडेस्कच्या फ्लोअरवर काम करताना पाहिलंय. महिनाअखेर, अकाउंट्सचे साहेब डोक्यावर उभे, प्रिंटर बंद, आणि तू शांतपणे विचारतेयस, “सर, काल चालू होता का? मध्ये काही बदललं का?” तुझा आवाजही चढत नाही. आधी काय विचारायचं, मग काय तपासायचं, नाहीच जमलं तर कोणाकडे पाठवायचं, हे सगळं तुझ्या अंगवळणी पडलंय. परीक्षेच्या खोलीसाठी असं काहीच ठरलेलं नाही. तिथे तू नुसती माहिती घेऊन जातेस आणि बाकीचं देवावर सोडतेस. माझं म्हणणं एवढंच, की सिलॅबसचा अभ्यास झाला, आता त्या दीड तासाचा अभ्यास कर.

आधी काही गोष्टी पक्क्या करून घे, कारण तुझ्या मेसेजमध्ये अर्धवट ऐकीव बरंच दिसलं. पेपर दोन, कोअर वन आणि कोअर टू. सध्या चालू असलेले कोड २२०-१२०१ आणि २२०-१२०२. आधीची ११०१-११०२ ही जोडी २५ सप्टेंबर २०२५ ला बंद झाली, त्यामुळे अप्पा बळवंत चौकातून स्वस्तात जुनं पुस्तक उचललं असशील तर मुखपृष्ठावरचा कोड बघ. प्रत्येक पेपरला ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. गुण १०० ते ९०० या मापावर; कोअर वनला ६७५ लागतात, कोअर टूला ७००. हे टक्के नव्हेत, म्हणून मॉकचे टक्के घेऊन ६७५ शी गणित मांडत बसू नकोस.

आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. हे तुला दोनदा सांगते, कारण नीट आणि एमपीएससीच्या वातावरणात वाढलेली आपली मुलं ‘खात्री नसेल तर सोडून दे’ हे बाळकडू घेऊनच येतात. इथे सोडलेला प्रश्न म्हणजे नुसता गेलेला प्रश्न. काहीतरी टिकमार्क कर, फ्लॅग (परत बघायची खूण) लाव, पुढे जा.

आता प्रश्न कसा वाचायचा ते. तू ऑप्शन आधी वाचतेस हे मला माहीत आहे, घाबरलेलं प्रत्येक माणूस तेच करतं. समज, असा प्रश्न आहे: एका युजरच्या लॅपटॉपवर इंटरनेट चालत नाही, त्याच मजल्यावरच्या बाकी सगळ्यांचं चालतंय, लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होतोय. टेक्निशियनने सगळ्यात आधी काय करावं? खाली चार पर्याय: राउटर बदलावा, आयएसपीला (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला) फोन करावा, डीएनएसचा पत्ता हाताने टाकावा, जोडणी तपासून आयपी रिन्यू करावा. ऑप्शन आधी वाचलेस की ‘डीएनएस’ (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) दिसतं, आठवतं की इंटरनेट बंद म्हणजे बऱ्याचदा डीएनएस, आणि बोट तिकडे जातं. आता ऑप्शन हाताने झाकून वाच. १६९.२५४ म्हणजे मशीनला पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही, विंडोजने स्वतःच एक लावून घेतलाय. बाकीच्यांचं चालतंय म्हणजे राउटर आणि आयएसपी दोघेही निर्दोष. धड पत्ताच नाही तिथे डीएनएसची गोष्ट पुढची. प्रश्नातल्या दोन वाक्यांनी तीन पर्याय उडाले, आणि तुला कुठलीही नवी माहिती आठवावी लागली नाही. ऑफिसात तू हे रोज करतेस.

म्हणून मॉक सोडवताना सवय लाव. आधी प्रश्नातलं शेवटचं वाक्य, मग वरची हकीकत, मग मनात स्वतःचं उत्तर, आणि सगळ्यात शेवटी ऑप्शन. फर्स्ट, नेक्स्ट, बेस्ट, मोस्ट लाइकली हे शब्द तिथे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. चारपैकी दोन-तीन गोष्टी पुढेमागे कराव्या लागतीलच, पण त्यांना हवी असते ती नेमक्या त्या पायरीवरची.

इथे अनुभवी लोकच जास्त घसरतात बरं का. आपल्याकडे व्हायरस दिसला की पहिलं वाक्य काय? ‘फॉरमॅट मारून टाक.’ कॉम्पटियाला तसं चालत नाही. त्यांच्या क्रमात आधी लक्षणं पडताळायची, मग मशीन नेटवर्कपासून तोडायचं, सिस्टिम रिस्टोअर (विंडोजला जुन्या स्थितीत परत नेणारी सोय) बंद करायचं, त्यानंतर सफाई, आणि सगळं झाल्यावर युजरला समजावून सांगायचं. त्यांची ट्रबलशूटिंगची सहा पायऱ्यांची पद्धतही तशीच: प्रॉब्लेम नीट ओळखा, कारणाचा अंदाज बांधा, तो तपासा, काय करायचं ते ठरवून करा, सगळं चालतंय ना बघा, नोंद ठेवा. (‘इश्यू रिझॉल्व्ड’ एवढ्या दोन शब्दांत तक्रारीचं टिकेट बंद करणाऱ्यांनी सहावी पायरी जरा जास्त लक्ष देऊन वाचावी. कोणाबद्दल बोलतेय ते कळलं असेल.) पेपरपुरतं त्यांच्या पुस्तकाप्रमाणे वाग, सोमवारी ऑफिसात परत आपल्या पद्धतीने.

परफॉर्मन्स बेस्ड प्रश्नांनी तुझी झोप उडवली आहे असं दिसतं. हे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात: राउटर सेट करा, केबल योग्य जागी ओढून लावा, कमांड चालवून बिघाड शोधा असे. पडदा उघडताच असलं काहीतरी समोर येतं आणि तुझ्यासारख्या मुलीचा घसा कोरडा पडतो. त्यांना तोंडच देऊ नकोस. फ्लॅग लाव आणि थेट साध्या बहुपर्यायींवर जा. पहिल्या अर्ध्या तासात पस्तीसेक प्रश्न झाले की तू वेळेवर आहेस, आणि शेवटची पंचवीस मिनिटं या मोठ्या प्रश्नांसाठी मोकळी राहतात. तोवर हात गरम झालेला असतो. एखादा प्रश्न परत येता येणार नाही अशी सूचना स्क्रीनवर देत असेल, तर तो मात्र तिथल्या तिथे सोडव.

आता मॉकबद्दल. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. तू बसमध्ये पोर्ट नंबरांची (नेटवर्कवर कुठली सेवा कुठल्या क्रमांकावर) यादी वाचत येतेस, ते पाच मिनिटांचं शहाणपण. यादी बंद कर आणि पाठकोऱ्या कागदावर लिही: २२, ५३, ६७-६८, ८०, ४४३, ४४५, ३३८९, कोणाचा कुठला. अडलीस तिथेच थांबून आठव, लगेच बघू नकोस.

आणि प्रत्येक विषयाला तुझं एखादं जुनं टिकेट जोड. कागदावरची छपाई बोट फिरवलं की पुसली जात होती, तो एचआरचा प्रिंटर आठवतो? फ्यूजर, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग, गेला होता. लेझर प्रिंटरच्या पायऱ्यांपैकी फ्यूजिंग तू आता जन्मात विसरणार नाहीस. घाबरल्यावर पाठ केलेलं आधी पळतं, हाताने केलेलं टिकतं. कोअर वनमध्ये हार्डवेअर २५ टक्के, नेटवर्किंग २३, आणि या दोन्हींचं ट्रबलशूटिंग २८. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त पेपर तुझ्या रोजच्या कामाचा. मोबाइलचे १३ आणि क्लाउड-व्हर्च्युअलायझेशनचे ११ टक्के उरले. तुझा हात कच्चा आहे तो क्लाउडमध्ये, त्याला एक आठवडा दे, बास.

टायमरची भीती टायमर लावूनच जाते. पूर्ण ९० मिनिटांची मॉक, खुर्चीवर सरळ बसून, फोन दुसऱ्या खोलीत, मध्ये चहा नाही. पहिल्या एक-दोन वेळी गुण पडतीलच. ते पडू देत. त्या मॉकचा उद्देश गुण नाहीच, छातीत धडधडत असताना विसाव्या प्रश्नापर्यंत पोचायचं कसं हे तुझ्या शरीराला कळावं एवढाच आहे. धडधड वाढली की श्वास हळू सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. तीन-चार वेळा. मग पुढचा प्रश्न.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली की गुण वाढतात, असा शिकागो विद्यापीठातल्या दोघांचा २०११ चा प्रयोग तुला कोणी ना कोणी फॉरवर्ड करेलच. २०१८ मध्ये इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. लिहून बरं वाटत असेल तर जरूर लिही, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस. आणि हे सगळं करूनही रात्र रात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. वैद्यकीय कारणासाठी परीक्षेत सवलत मागता येते, पण ती तारीख घेण्याआधी मंजूर करून घ्यावी लागते, कागदपत्रांसह.

घरून ऑनलाइन देऊ का, असं विचारलंयस. देऊ नकोस. दोन खोल्यांचं घर, आजी, कुकरच्या शिट्ट्या. परीक्षा चालू असताना कोणी खोलीत डोकावलं किंवा तू सवयीने प्रश्न पुटपुटत वाचलास, तरी पलीकडचा माणूस परीक्षा थांबवू शकतो. शिवाय घरी कच्च्या कामाला कागद वापरू देत नाहीत. परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यूच्या सेंटरवर पुसता येणारा बोर्ड आणि पेन मिळतं. घड्याळ सुरू झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत पोर्ट नंबर त्यावर उतरवून काढ. हात चालू लागला की डोकं मागोमाग येतं.

नावाचं बघ. नोंदणीत आणि ओळखपत्रावर नाव सारखं हवं. आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव कधी असतं, कधी नुसतं आद्याक्षर, कधी आडनाव आधी. ओळखपत्र समोर ठेवूनच खात्यातलं नाव तपास, आणि कुठलं ओळखपत्र चालतं ते पिअर्सनच्या साइटवर आजच बघून घे. अभ्यास करून गेलेल्या पोरी दारातून परत आलेल्या मला माहीत आहेत.

‘खरे प्रश्न’ विकणाऱ्या टेलिग्राम ग्रुपवर कोणी घेतलं असेल तर बाहेर पड. सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं हे एक. दुसरं म्हणजे तुझ्यासारखीने त्यातली चुकीची उत्तरं पाठ केली तर खोलीत स्वतःच्याच ज्ञानावरचा भरवसा उडतो.

परीक्षेची तारीख घरात एकालाच सांग. फॅमिली ग्रुपवर टाकलीस तर आत्या, मामी, शेजारच्या काकू सगळ्या मिळून तुझी परीक्षा देतील. शेवटचं उत्तर दिल्यावर एक सर्व्हे येतो, तेव्हा ‘निकाल कुठाय’ म्हणून गडबडू नकोस. तो भरला की गुण तिथेच दिसतात. नापास झालीस तर दुसऱ्या प्रयत्नासाठी थांबावं लागत नाही, तिसऱ्यापासून मात्र १४ दिवसांची अट. परीक्षेच्या व्हाउचरचे पैसे दर वेळी नव्याने, हे खरं दुखणं आहे, मी नाही म्हणत नाही. पण कुठल्या मुद्द्यांवर चुकलीस ते रिपोर्टवर छापून येतं, आणि तेवढंच परत करायचं असतं. मुलाखती घेणारी म्हणून सांगते, ए प्लस असलेला उमेदवार मी आधी बोलावते, पण नसलेल्याला त्यासाठी नाकारल्याचं आठवत नाही. एवढ्याच वजनाची ती गोष्ट आहे.

तारीख बदलायची तर २४ तासांपूर्वी बदलता येते, म्हणून तर तू ढकलत बसतेस. या वेळी मंगळवार किंवा बुधवार घे, सकाळी अकराच्या सुमाराचा स्लॉट, आदल्या दिवशी नाइट शिफ्ट नको. पुढच्या महिन्याचं रोस्टर वीस तारखेला लागतं, त्याआधी मला दिवस कळव. लीड ऐकत नसेल तर मी बोलते त्याच्याशी.

तुझी,
ताई