दांडा कुणाच्या मांडीवर टेकतो?

मी मुलांची समुपदेशक. नाताळची सुट्टी संपली की पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. फोंडा, डिचोली, म्हापशातली कुटुंबं खोपोलीला नाहीतर बंगळुरूला मनोरंजन उद्यानात जाऊन येतात. तिथे मूल उंचीच्या पट्टीपाशी अडतं आणि घरी येऊन कुढत बसतं. "मॅडम, मनाला लावून घेतलंय त्याने. काय सांगायचं?"

फोंड्याचा एक सहा वर्षांचा मुलगा. उंची 117 सेंटिमीटर, राइडची अट 120. थोडी मोठी आतेबहीण आत गेली, हा बाहेर राहिला. दुसऱ्या राइडला वडिलांनी त्याच्या बुटांत वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. रखवालदाराने सगळ्यांसमोर बूट काढायला लावले. तेव्हापासून पोरगा रोज भिंतीवर पेन्सिलने खूण करायचा. एकदा सकाळी केली, एकदा संध्याकाळी, आणि संध्याकाळची खूण खाली आली म्हणून रडला. दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात, सेंटिमीटरभर फरक पडतोच. पण त्याला वाटलं, आपण कमी होतोय.

"मी बुटका आहे," तो म्हणाला.
"कुणी सांगितलं?"
"पट्टीने."

मी ते खोडून काढलं नाही. बापलेकाला शेजारी शेजारी बसवलं आणि राइडमध्ये बसणाऱ्यांना जागेवर धरून ठेवणारा आडवा दांडा असतो, तशी दोघांच्या मांड्यांवर एक लांब छत्री आडवी धरली. वडिलांच्या मांडीवर ती टेकली. मुलाच्या मांडीवर चार बोटं पोकळी राहिली.

"आता खाली सरक बघू."

तो सरकला तो थेट जमिनीवर. तिथूनच छत्रीकडे बघत राहिला. "म्हणजे ती पप्पांनाच अडते?"

"मी धरून बसलो असतो," असं पहिल्या भेटीत ठासून सांगणारे वडील गप्प झाले. जोराच्या वळणावर किंवा ब्रेक लागल्यावर हाताची पकड पुरत नाही. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मान तेवढी भक्कम नसते. थोड्या वेळाने ते मुलाला म्हणाले, "बुटात कागद घातला, ती माझी चूक झाली रे." पोरगा उठून त्यांना चिकटला.

तेव्हा मला उलगडलं. पट्टीने तो दुखावला होता, पण खरी जखम त्या कागदाची होती. आपली उंची लपवण्यासारखी आहे, हे त्याला कागदाने शिकवलं. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांना मी गुरुस्थानी मानते. ते सांगतात, लहान असल्याची सल प्रत्येक मुलात असते, ती न्यूनगंड होणार का, हे बरंचसं घरच्यांच्या वागण्यावर ठरतं.

त्या पालकांना सांगितलं ते असं. सहा वर्षांच्या मुलाची सरासरी उंची 116 सेंटिमीटर, मुलीची 115. म्हणजे हा मुळीच बुटका नाही, ती राइडच मोठ्या मुलांची. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढते, तेव्हा "पुढच्या वेळी" असं मोघम न सांगता "अजून तीन, म्हणजे साधारण सहा महिने" असं सांगा. वाढ वर्षाला चारपेक्षा कमी असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

निघण्याआधी घरीच मापा. बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर, आणि डोक्यावर पुस्तक काटकोनात. केसांचा अंबाडा मोजू नका. उद्यानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट पाहून मुलाला बसता येतील अशा राइड्सची यादी त्याच्याकडूनच करून घ्या. काही राइड्सवर मोठं माणूस सोबत असेल तर कमी उंचीही चालते, तेही वाचा. आणि रखवालदाराशी मुलादेखत हुज्जत घालू नका.

आपल्या जत्रेतल्या पाळण्यांना बहुधा पट्टी नसते, तिथे तपासणं आपल्याकडे येतं. पाठ मागे टेकली, पाय तळाला लागले आणि दांडा मुलाच्याच मांडीवर टेकला, तर बसवा. पोकळी राहिली तर खाली उतरवा, तिकीट काढलेलं असलं तरी.