शाळा सुटण्याआधीची तयारी

प्रश्न : माझा मुलगा 17 वर्षांचा असून साताऱ्याच्या विशेष शाळेत जातो. बौद्धिक दिव्यांगत्व 60 टक्के आहे. पुढच्या वर्षी शाळा संपेल. एमआयडीसीत पॅकिंगचं काम जमेल का? तयारी कशी करू?
– एक आई, कोरेगाव

उत्तर : ताई, जमू शकेल. पण तयारी आजपासून करा, आणि ती पॅकिंगपासून नको, प्रवासापासून करा. अशा मुलांचं काम बहुतेकदा हात चालत नाहीत म्हणून सुटत नाही. एसटी चुकते, संडास कुठे हे विचारता येत नाही, सुपरवायझर बदलला की मूल बावरतं, म्हणून सुटतं.

आधी एसटीत त्याच्या शेजारी बसा, मग दोन सीट मागे. पुढे त्याला एकट्याला बसवून द्या आणि साताऱ्याच्या स्टँडवर कुणाला तरी उभं करा. गाडी मुद्दाम चुकवून चौकशी खिडकीवर विचारणं आणि घरी फोन करणं, याचाही सराव हवा. हाच भाग पालक टाळतात.

पॅकिंगच्या पायऱ्या पाडा : पिशवी उघडणं, 5 नग भरणं, तोंड बंद करणं, खोक्यात रचणं. शेवटची पायरी आधी शिकवा. काम पुरं झाल्याचं समाधान लगेच मिळतं आणि मूल टिकून राहतं. मग एकेक पायरी मागे या. मोजणी चुकत असेल तर पुठ्ठ्यावर 5 चौकोन आखा. प्रत्येकात एक नग ठेवला की मोजायची गरजच नाही. 20 मिनिटांपासून सुरू करून 2 तासांपर्यंत न्या, तेही उभ्याने, कारण कारखान्यात बरंच काम उभ्यानेच असतं.

मालकाशी बोलताना सूचना देणारा माणूस एकच ठरवून घ्या. सुरुवातीचे काही दिवस शाळेतल्या शिक्षकांना सोबत राहू द्यायची परवानगी मागा. ‘घरी बसण्यापेक्षा बरं’ म्हणून निम्म्या पगाराला मान डोलावू नका. काम तेच असेल तर दामही तोच हवा. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी दिव्यांग कामगारांची पगारमर्यादा 25,000 रुपये आहे, इतरांसाठी 21,000. हेही मालकाला सांगा.

यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, मुदत आत्ताच तपासा. संपत आली असेल तर जिल्हा रुग्णालयात फेरतपासणी करून घ्या. 18 पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. बँक खातं मात्र त्याच्याच नावाचं काढा, पगार त्यातच जमा व्हायला हवा.