कार्ड ‘इंटर्नल’ करून घेण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. उद्या टॅब दुकानात न्यायचा असेल तर न्या, पण त्यातलं मेमरी कार्ड ‘इंटर्नल’ करून, म्हणजे टॅबच्या स्वतःच्या साठवणीचा भाग बनवून घेऊ नका. निदान खालचं वाचून होईपर्यंत तरी नको.

तुम्ही लिहिलंय की आई गावी असते, तिथे रेंज नाही, म्हणून लॅपटॉपवरचे सिनेमे आणि भावाच्या लग्नाची डीव्हीडी तिच्या अँड्रॉइड टॅबमधल्या ३२ जीबीच्या कार्डात भरून द्यायची आहे. कार्ड रीडरला लावून कॉपी करताय. लहान फाइली गेल्या, मोठ्या जात नाहीत. कार्डात निम्मी जागा मोकळी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असं येतं. आणि दुकानदार म्हणाला, कार्ड इंटर्नल करून देतो, मग कितीही मोठी फाइल बसेल.

दुकानदार खोटं बोलत नाही, म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ (कार्डावर फाइली मांडायची एक जुनी पद्धत) या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, आणि फॅट३२ मध्ये एका फाइलचा आकार ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. जागा कितीही रिकामी असो. तुमच्या ज्या फाइली अडतात त्या सगळ्या ४ जीबीपेक्षा मोठ्या असणार, बघून घ्या. कार्ड खराब नाही, लॅपटॉपही खराब नाही. कार्ड इंटर्नल केलं की टॅब ते पुसून आपल्या पद्धतीने नव्याने फॉरमॅट करतो आणि ४ जीबीची अट खरोखरच जाते. पुढचं मात्र काउंटरवर कोणी सांगत नाही.

ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ साली, सहाव्या आवृत्तीपासून आली. सगळ्या कंपन्या ती देत नाहीत, पण स्वस्त टॅबमध्ये बऱ्याचदा असते. इंटर्नल केलेल्या कार्डावरचा सगळा मजकूर एन्क्रिप्ट होतो, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात जातो, आणि तो उघडायची किल्ली फक्त त्या टॅबच्या पोटात राहते. ते कार्ड काढून लॅपटॉपला लावा, दुसऱ्या टॅबमध्ये घाला, मोबाइलमध्ये घाला, काहीही दिसणार नाही. बहुतेक ठिकाणी ‘फॉरमॅट करायचं का’ एवढंच विचारलं जाईल. आणि टॅब फॅक्टरी रीसेट झाला, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा केला, की किल्ली पुसली जाते. मग तेच कार्ड त्याच टॅबमध्ये घातलं तरी उपयोग नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे बाबा कुडाळजवळ आमच्या गावी राहतात. त्यांना टॅब घेऊन दिला तो सिनेमांसाठी, पण त्यांना खरा नाद लागला शूटिंगचा. जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. देवळासमोर पहिल्या रांगेत टॅब धरून बसायचे. संकासुराचा प्रवेश, पेटी-पखवाजावरचे म्हातारे वादक, पहाटेचा दहीकाला, सगळं घेतलं होतं त्यांनी. माझे थोरले काका गावच्या जुन्या दशावतारी नाटक कंपन्यांच्या आठवणी सांगतानाचे मोठे व्हिडिओ होते. काका आता नाहीत. बाबा तिकडे, मी इकडे, नेट नाही, त्यामुळे ते व्हिडिओ कुठे वर चढलेले नव्हते.

टॅबची जागा भरली म्हणून बाबा तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटरला गेले. नाव लिहीत नाही. तिथल्या माणसाने नवं कार्ड घालून ते इंटर्नल करून दिलं. बाबांना एवढंच सांगितलं की ‘आता जागाच जागा’. पुढे चार्जिंगचा सॉकेट ढिला झाला म्हणून तोच टॅब त्याच काउंटरवर दिला. काम सॉकेटचं. पण सॉकेट बदलल्यावर त्यांनी ‘पद्धतीप्रमाणे’ सॉफ्टवेअर नव्याने टाकलं आणि टॅब रीसेट केला. एक फोन केला नाही. फॉर्मवर बाबांचा नंबर होता, माझाही होता. टॅब चालू स्थितीत होता, केबल लावली असती तर सगळे व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवून घेता आले असते. बाबा स्वतः जाऊन बसले असते तिथे दिवसभर.

टॅब हातात आला तेव्हा कार्ड फॉरमॅट मागत होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, कार्ड खराब झालंय, नवीन घ्या. मी फोन केला तर म्हणाले डेटाची जबाबदारी ग्राहकाची, फॉर्मच्या मागे छापलंय. मी विचारलं, कार्ड इंटर्नल तुम्हीच केलं होतं ना, मग रीसेट केल्यावर ते उघडणार नाही हे तुम्हाला माहीत असायला नको? त्यावर उत्तर नाही. ईमेलला एक तक्रार क्रमांक आला आणि काही दिवसांनी ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा दुसरा ईमेल. काय निकाली काढलं? डेटा परत मिळवून देतो म्हणणाऱ्या एका ठिकाणी कार्ड दिलं, त्यांनी तपासणीचे पैसे घेतले आणि किल्ली नसेल तर काही निघणार नाही असं सांगितलं. ते बरोबरच होतं, पण पैसे घेण्याआधीही सांगता आलं असतं.

मला अजून राग येतो, लपवत नाही. सॉकेट ढिला होणं समजू शकते. पण ज्या माणसाने कार्ड टॅबला बांधलं, त्यानेच न विचारता दोर कापला आणि वर कार्डाला खराब म्हटलं, हे पटत नाही. म्हणून सांगते, टॅब दुरुस्तीला देताना त्यांच्या जॉबशीटवरच (दुरुस्तीच्या फॉर्मवर) लिहून घ्या: ‘मालकाला विचारल्याशिवाय रीसेट करू नये.’ सही घ्या, मोबाइलवर फोटो काढा. इंटर्नल न केलेलं, म्हणजे पोर्टेबल कार्ड असेल तर काढून घरी ठेवा आणि मग टॅब द्या. इंटर्नल कार्ड काढून ठेवून मात्र काही वाचत नाही, कारण किल्ली टॅबमध्ये असते. भांडायची वेळ आलीच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे पैशाचं भांडण भांडता येतं, गेलेला व्हिडिओ परत येत नाही.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे. मी शाळेत शिकवते, संगणकवाली नाही. जे स्वतः करून पाहिलंय तेवढंच लिहिते, आणि तुमच्या टॅबमध्ये मेनूची नावं थोडी वेगळी असू शकतील.

माझं स्पष्ट मत: कार्डाशी झटापट करू नका, फाइल लहान करा. आईच्या टॅबचा पडदा बहुधा १२८०×८०० असेल. त्यावर १०८०पीची (उभ्या दिशेला १०८० ठिपक्यांच्या चित्राची) पाच-सहा जीबीची फाइल घालून एक कणही जास्त दिसत नाही, नुसती जागा जाते आणि बॅटरी लवकर उतरते. हँडब्रेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्यात फाइल ओढून टाका, तयार प्रीसेटमधला ७२०पीचा निवडा, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी, फाइल एमपी४ (ही चित्र, आवाज आणि फाइल साठवायच्या पद्धतींची नावं). गुणवत्तेचा आरएफ आकडा २० ते २२ ठेवा. हा आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. त्यामुळे ‘जास्त म्हणजे चांगलं’ समजून ३० वर नेऊ नका, चेहरे धुरकट होतात. दोन तासांचा सिनेमा साधारण एक-दोन जीबीत बसतो. जुन्या लॅपटॉपला वेळ लागतो. रात्री सगळे सिनेमे रांगेत लावा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, झाकण मिटू नका.

एच.२६५ निवडला तर फाइल आणखी लहान होते हे खरं, पण जुन्या आणि स्वस्त टॅबमध्ये त्याचा वेगळा डीकोडर (चित्र उलगडणारा भाग) नसतो, विशेषतः १०-बिट, म्हणजे रंगांचे जास्त बारकावे साठवणाऱ्या फाइलींसाठी. मग चित्र अडखळतं आणि आवाज पुढे जातो. आईला गावी बसून हे निस्तरायला लावू नका. एच.२६४ हे २००३ सालचं आहे आणि जवळपास सगळीकडे चालतं. एएसीचंही तसंच. पुष्कळ एमकेव्ही (व्हिडिओचा आणखी एक प्रकार) फाइलींमध्ये डीटीएस किंवा एसी३ पद्धतीचा आवाज असतो, टॅबमधल्या मूळ प्लेअरला तो कळत नाही आणि सिनेमा मुका चालतो. बदल न करता फाइल द्यायचीच असेल तर टॅबमध्ये व्हीएलसी नावाचं व्हिडिओ चालवायचं ॲप टाकून द्या, त्यात असा आवाज येतो.

मोठीच फाइल हवी असेल तर दुसरा रस्ता एक्सफॅटचा, म्हणजे फॅट३२ नंतरच्या फॉरमॅट पद्धतीचा. ६४ जीबी आणि वरची कार्डं त्याच पद्धतीने येतात, तिथे ४ जीबीची अडचण नाही. पण जुन्या टॅबना एक्सफॅट कळेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील २०१९ साली खुला केला, त्याआधी परवान्याचा प्रश्न असायचा आणि स्वस्त टॅब बनवणारे ते टाळायचे. म्हणून नवं कार्ड आणलंत तर आधी टॅबमध्येच घाला, विचारलं तर ‘पोर्टेबल’ निवडून तिथेच फॉरमॅट करा. मग लॅपटॉपला लावून प्रॉपर्टीजमध्ये कोणती पद्धत दिसते ते बघा. जी दिसेल ती त्या टॅबला नक्की कळते.

कार्ड घेताना बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं फार आहेत. १२८ जीबी दाखवतात, आत त्याच्या चौथाईही जागा नसते, आणि कॉपी करताना काही बोलत नाहीत. नावं दिसतात, फाइल उघडत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतो. वेळ खातो, पण गावी पाठवायच्या कार्डावर एकदा चालवाच. महागड्या वेगाच्या कार्डाची मात्र गरज नाही. दोन तासांचा २ जीबीचा सिनेमा चालवायला सेकंदाला जेमतेम ०.३ एमबी वाचावं लागतं. क्लास १० चं कार्ड सेकंदाला किमान १० एमबी लिहितं. सिनेमा बघायला कार्ड इंटर्नल असण्याची गरज नाही ती याचमुळे.

लग्नाच्या डीव्हीडीबद्दल. ती उघडलीत तर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर दिसेल आणि आत एकेक जीबीच्या व्हीओबी फाइली. त्या तशाच टॅबमध्ये टाकू नका, अक्षता पडता पडता चित्र तुटेल आणि पुढचं दुसऱ्या फाइलीत शोधावं लागेल. आधी अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा, मग हँडब्रेकमध्ये तो पूर्ण फोल्डर उघडा. तो तुकडे जोडून टायटल दाखवतो, सगळ्यात लांब असेल ते बहुधा लग्न. जुन्या कॅमेऱ्याचं शूटिंग असेल तर माणसं हलताना आडव्या रेघा दिसतात, त्यासाठी फिल्टरमध्ये डिइंटरलेस चालू करा. मूळ चित्र ७२०×५७६ चंच असतं, ते वाढवून १०८०पी करू नका. आणि हे काम सिनेमांच्या आधी करा. सिनेमे पुन्हा मिळतील. घरी बर्न केलेल्या डीव्हीडी वर्षांनी वाचेनाशा होतात, लग्नाची दुसरी प्रत कोणाकडे आहे का तेही विचारून ठेवा. रूपांतर केलेल्या फाइली लॅपटॉपवरून पुसू नका, आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

केबलने कॉपी करणार असाल तर टॅबवर येणाऱ्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं, नाहीतर नुसतं चार्जिंग होतं. काही केबली फक्त चार्जिंगच्याच असतात. कॉपी झाल्यावर कार्ड ‘इजेक्ट’ करूनच काढा, आणि प्रत्येक सिनेमा टॅबवर शेवटच्या पाच मिनिटांवर नेऊन चालवून बघा. अर्धवट गेलेली फाइल सुरुवातीला अगदी नीट चालते.

आईसाठी अजून थोडं. फाइलींना देवनागरीत नावं द्या, चालतात, पुढे ०१, ०२ असे आकडे घाला म्हणजे क्रम राहतो. व्हीएलसी शहरातच टाकून एकदा उघडून परवानग्या देऊन ठेवा, गावी गेल्यावर ते नेटशिवाय चालतं आणि सिनेमा कुठे थांबवला होता तेही लक्षात ठेवतं. ओटीटीच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेल्या सिनेमांवर विसंबू नका. त्यांना मुदत असते, अधूनमधून नेट लागतं, आणि ते त्या ॲपबाहेर उघडत नाहीत.

टॅबच्या सेटिंगमध्ये ‘टॅबलेटविषयी’ मध्ये जाऊन मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती इथे लिहा, म्हणजे एक्सफॅटचं सांगता येईल. आणि स्टोरेजमध्ये कार्ड वेगळं दिसतंय का तेही बघा. दुकानदाराने ते आधीच इंटर्नल केलेलं असेल तर कार्ड काढू नका आणि कोणालाही रीसेट करू देऊ नका. टॅब चालू ठेवून केबलने सगळं लॅपटॉपवर उतरवा, आईने काढलेले फोटो आणि व्हिडिओ आधी. ते उतरल्याची खात्री झाली की मगच कार्ड पोर्टेबल म्हणून परत फॉरमॅट करा.